दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेचं बातम्यांचं पान कसं काढायचं (आणि ‘काळे’चं ‘काले’ कसं होऊ द्यायचं नाही)

दर वर्षी दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी आमच्या शाळेत एक पान निघतं. मॅगझिन नाही, वार्षिकांक तर मुळीच नाही, एक ए-फोर कागद पाठपोट छापलेला, पुढची बाजू हिंदी-इंग्लिश आणि मागची मराठी, कारण इंदूरच्या आमच्या भागात प्रत्येक वर्गात पाच-सात पोरं मराठी घरातली असतातच आणि त्यांच्या घरची आजी हे पान चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, आमच्या प्रिन्सिपल मॅमही वाचत नाहीत इतकं. हे काम काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं आणि मग तिथेच राहिलं. मागच्या आठवड्यात देवासच्या मावसबहिणीचा फोन, त्यांच्या शाळेतही काढायचंय म्हणे, “ताई, तू कसं करतेस ते नीट सांग ना.” फोनवर सांगता सांगता इकडे भाजी करपली, म्हणून आता लिहूनच देते, तिला आणि अजून ज्यांच्या कोणाच्या गळ्यात हे पडलंय त्यांना.

आधी एक डोक्यात पक्कं करा की हे पान वाचणार कोण. जो मॅचला होता, जो वर्गात होता, तो फक्त स्वतःचं नाव शोधतो आणि कागदाचं विमान करतो. खरा वाचणारा म्हणजे जो तिथे नव्हता तो. दुकानावर बसलेले बाबा, पुण्याची आजी, आणि ते पोरगं ज्याच्या घरच्यांनी अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट सुट्टीच्या दोन दिवस आधीचंच काढलेलं असतं आणि जे मग सुट्टी संपल्यावर “मला माहीतच नव्हतं मॅम” म्हणत उभं राहतं. या सगळ्यांना तीनच गोष्टी कळायला हव्या असतात, वर्गात काय झालं, सुट्टीत काय करायचंय, आणि मॅचचं काय झालं. बाकीचं जे असतं ना, ‘उत्साहात संपन्न’, ‘सर्वांनी मोलाचे सहकार्य केले’, ‘कार्यक्रमाची शोभा वाढवली’, ते सगळं काढून टाका, अर्धं पान मोकळं होतं. प्रिन्सिपलचा संदेश द्यावाच लागतो, तर तो दोन ओळींचा मागा. मागतानाच सांगा की जागा दोन ओळींचीच ठेवलीय, लिहून आल्यावर कापायला गेलात तर भारी पडेल.

आता वेळेचं. शेवटच्या दिवसापासून उलटं मोजायचं. शेवटच्या दिवशी पान हातात द्यायचं, आदल्या दिवशी झेरॉक्स, त्याच्या आदल्या दिवशी तपासणं, त्याच्या आधी दोन दिवस टायपिंग, म्हणजे मजकूर गोळा करायला सुरुवात साधारण आठ-नऊ वर्किंग डे आधी झालीच पाहिजे. मी पहिल्या वर्षी सुट्टीच्या तीन दिवस आधी सुरू केलं होतं आणि शेवटी रात्री अकरा वाजता पीटी सरांना फोन करून रिले रेसमध्ये तिसरं कोण पळालं ते विचारत होते, ते बिचारे लग्नात जेवत होते. सुट्टी लागली की विचारायला कोणी सापडत नाही, हे या कामातलं सगळ्यात मोठं संकट. म्हणून बेल वाजायच्या आधी सगळं हातात यायला पाहिजे.

पोरं घ्या, एकट्याने करू नका. आठवी-नववीची सहा पोरं पुरे. दहावी-बारावीची घेऊ नका, त्यांच्या आया तुमच्याकडे बघतात ते बघवत नाही. सहापैकी दोघं अभ्यासाच्या बातम्या आणतील, दोघं स्पोर्ट्स, एक फोटो, आणि एक फक्त नावं तपासेल. हे शेवटचं काम सगळ्यात चिकट पोराला द्या, ज्याला दुसऱ्यांच्या चुका काढायला आवडतं. प्रत्येक वर्गात असं एक असतंच.

अभ्यासाच्या बातम्या कशा लिहायच्या हे पोरांना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यांना वाटतं यात बातमी काय आहे. मग ती लिहून आणतात, ‘दहावीत विज्ञानाचा अभ्यासक्रम चांगल्या रीतीने सुरू आहे.’ हे वाचून आजीला काय कळलं? काही नाही. मी त्या दोघांना परत पाठवते आणि सांगते की लॅबमध्ये जाऊन उभे राहा, काय दिसतं ते लिहा. एकदा एका पोरीने जे आणलं ते मी अजून नमुना म्हणून दाखवते. दहावीचं ओमच्या नियमाचं प्रॅक्टिकल चालू होतं, तारेला व्होल्टेज वाढवत न्यायचं, करंट मोजायचा आणि ग्राफ काढायचा. सगळ्यांची रेघ सरळ आली आणि एकाच टेबलाची वरती जाऊन वाकली. त्या टेबलावरच्या शहाण्यांनी तारेच्या जागी टॉर्चचा जुना बल्ब लावला होता, फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, मग व्होल्टेज वाढवलं तरी करंट तितक्या प्रमाणात वाढत नाही. सर आधी ओरडले आणि मग तोच ग्राफ फळ्यावर काढून सगळ्या वर्गाला समजावला. पोरीने हे पाच ओळींत लिहिलं, शेवटी ‘सरांनी तो ग्राफ मागून घेतला’ एवढंच. झाली ना बातमी. आजीला ओमचा नियम नसेल माहीत, पण चार पोरांनी काहीतरी वेगळं लावलं, रेघ वाकडी आली आणि त्यातून काहीतरी शिकले हे तिला बरोब्बर कळतं.

सहल, फील्ड व्हिजिट असेल तर एक आकडा आणि एक वास, एवढं तरी यायलाच पाहिजे. नववीची पोरं देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लँट (ओल्या कचऱ्यातून गॅस काढतात तो) बघून आली, तर ‘खूप माहिती मिळाली’ नको. तिथे रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची सोय आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला, आणि आपल्या घरची पोह्यांची उरलेली कढई धुताना जे नालीऐवजी ओल्या डब्यात जातं ते शेवटी तिथे पोचतं, असं लिहा. वासाबद्दल पोरं स्वतःच लिहितात, सांगावं लागत नाही.

वर्गवार एकेक बातमी पुरते, सगळ्या विषयांची हजेरी लावत बसू नका. गणितवाल्या मॅम रुसतात की माझ्या विषयाचं काहीच नाही आलं. पुढच्या वेळी घेऊ म्हणा, आणि खरंच घ्या. आणि मार्क छापू नका. कोणाला किती पडले, कोण मागे राहिलं, हे पानाचं काम नाही. पहिल्या तीनची नावं द्यायचा आग्रह दर वर्षी कोणीतरी धरतंच, मी देत नाही, त्यावरून माझी आणि एका सरांची अजून धुसफूस चालू असते.

आता सुट्टीचा होमवर्क, हा भाग सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा. फ्रिजवर मॅग्नेटने हाच तर लावतात. यात तीन गोष्टी हव्यात, नेमकं काय, किती, आणि कधी द्यायचं. ‘त्रिकोणमितीचा सराव करावा’ याला होमवर्क म्हणत नाहीत, ही तर इच्छा झाली. ‘त्रिकोणमिती, पुस्तकातला दुसरा स्वाध्याय, सगळी गणितं, गणिताच्या वहीतच, शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी’ हा होमवर्क. वहीतच की वेगळ्या शीटवर हे लिहाच, याच्यावरून घरोघरी भांडणं होतात. आणि सोमवार म्हटलं तर पुढे तारीखही लिहा. शिक्षकांकडून हे तोंडी घेऊ नका, एक कोरा तक्ता फिरवा आणि त्यांच्याच अक्षरात भरून घ्या, म्हणजे नंतर “मी असं बोललोच नव्हतो” नाही. सगळ्या विषयांचा तक्ता एकत्र आला की एकदा बेरीज करून बघा. एका वर्षी आठवीच्या पोरांना पाच विषयांचे पाच प्रोजेक्ट होते, पाचही चार्ट पेपरवर, प्रत्येक सरांना वाटत होतं आपण एकच दिलाय. तक्ता स्टाफरूममध्ये ठेवला, तर दोन प्रोजेक्ट आपोआप कमी झाले, मला काही बोलावं पण नाही लागलं.

तुमची शाळा सीबीएसई असेल तर दहावीच्या पालकांसाठी एक ओळ टाका की प्रत्येक मुख्य विषयात १०० पैकी २० मार्क इंटर्नलचे असतात आणि त्यातले ५ पोर्टफोलिओचे, म्हणजे वर्षभराच्या नीट ठेवलेल्या कामाचे. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं आणि दिवाळीच्या साफसफाईत जुन्या शीट रद्दीवाल्याला जातात. खोटं नाही सांगत, झालंय असं.

आता स्पोर्ट्स. खरं तर पान याच्यासाठीच वाचतात आणि चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात. पहिला नियम, मॅच संपली की तिथेच मैदानावर स्कोअरशीटचा फोटो काढा. नंतर नाही. पीटी सर म्हणतील “हो जाएगा मॅडम, शाम को भेज देता हूं.” ती शाम कधी येत नाही. त्यांचीही चूक नाही, एकाच वेळी चार टीम, दोन बस आणि एक मुरगळलेला पाय सांभाळत असतात. मी आता आमच्या स्पोर्ट्सवाल्या दोन पोरांपैकी एकाला बसमध्येच पाठवते.

दुसरा नियम, पहिल्या ओळीत कोण, कोणाशी, काय स्कोअर आणि जिंकलो का हरलो. सकाळी किती वाजता निघालो, पाहुण्यांचं स्वागत, नारळ फोडणं, हे नंतर, जागा उरली तर, आणि जागा उरत नाही.

प्रत्येक खेळाचा स्कोअर लिहायची पद्धत वेगळी असते आणि आपल्याकडे मराठीत ती छान तयार आहे, फक्त पोरांना येत नाही. क्रिकेटचं घ्या. ‘गडी राखून’ आणि ‘धावांनी’ यात गडबड फार. मागून बॅटिंग करून जिंकलं तर गडी राखून, आधी बॅटिंग करून समोरच्याला रोखलं तर धावांनी. मी पोरांना दोन मॅचची आठवण देते, दोन्ही आपल्याच. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी जिंकली, बंगळुरूला, मुंबईशी फायनल होती, शेवटी १०८ धावा हव्या होत्या आणि ४ बाद १०८ झाल्या, दहातून चार गेले, म्हणून ६ गडी राखून. (आमच्या घरी त्या दिवशी मोठी पंचाईत, माहेर मुंबईचं.) आणि ८ डिसेंबर २०११ ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजला २१९ ठोकले तेव्हा भारताच्या ५ बाद ४१८, ते सगळे २६५ मध्ये आटोपले, म्हणून १५३ धावांनी. वजाबाकी एकदा स्वतः करून बघितली की पोरं परत चुकत नाहीत.

आणि तो पॉइंट! १७.४ षटकं म्हणजे सतरा षटकं आणि चार चेंडू, सतरा दशांश चार नाही. आमच्या एका हुशार पोराने १७.४ षटकांत १०६ धावांचा रनरेट कॅल्क्युलेटरवर काढला, ६.०९ आला, लिहूनही टाकला. म्हटलं बाळा चेंडू मोज, सतरा सक १०२ आणि वर ४, झाले १०६ चेंडू, १०६ चेंडूंत १०६ धावा म्हणजे रनरेट बरोब्बर ६. तो इतका खूश झाला की त्याने तेच एका चौकटीत छापायचा हट्ट धरला, आणि छापलं मी. त्या वर्षी पालकांनी सगळ्यात जास्त त्या चौकटीचंच नाव काढलं.

खो-खोची बातमी लिहिणं सगळ्यात अवघड, कारण नुसत्या गुणांत अर्धी मॅच दिसतच नाही. दोन्ही टीम दोनदा पळतात आणि दोनदा पळवतात, एकेक पाळी ९ मिनिटांची, लहान गटात ७. दिल्लीला २०२५ च्या जानेवारीत पहिला वर्ल्ड कप झाला त्यात मुलींच्या फायनलला ७८-४० असा स्कोअर होता, तो टीव्हीवर बघून पोरं विचारतात आपले तेराच गुण कसे, तर तो खेळ सात-सात जणांचा आणि गुणांची रीत वेगळी, शाळेच्या नेहमीच्या नऊ जणांच्या खेळात एवढे होत नाहीत. लिहायची पद्धत अशी, शेवटी आक्रमण करणारी टीम वेळ संपायच्या आधीच पुढे गेली तर ‘१ गुण आणि ३ मिनिटं राखून’, आणि शेवटी संरक्षण करून जिंकलो तर नुसतं ‘२ गुणांनी’. गुणांच्या सोबत संरक्षणाची वेळ द्यायची, कोणी किती मिनिटं पळून काढली ती. हे मी शिकले ते चांगलंच लाजून शिकले.

झालं असं, आमच्या मुलींची मॅच, आठ आणि पाच मिळून तेरा गुण, समोरच्यांचे पहिल्या पाळीत सहा, म्हणजे बरोबरीला त्यांना अजून सात हवे होते आणि पाचच मिळाले. दोन गुणांनी जिंकलो. मी ज्या मुलींनी गडी बाद केले त्या सगळ्यांची नावं छापली, कोणी तीन, कोणी दोन, कोणी एक. पान वाटलं. संध्याकाळी गेटवर एक वडील उभे, हातात पान नीट घडी केलेलं, चिडलेले वगैरे नाही. म्हणाले, “मॅडम, ती पण होती ना मॅचमध्ये?” त्यांची पोरगी आठवीतली, अंगाने अगदी काडी, तिने एकही गडी बाद केला नव्हता. पण शेवटच्या पाळीत ती तीन मिनिटं वीस सेकंद पळत राहिली होती, खांबाला वळसे घालत, साखळीतून आत-बाहेर करत, आणि ती तीन मिनिटं तिने काढली नसती तर ते दोन गुण कुठले राहतात. शीटवर गुणांच्या कॉलमला लागूनच वेळेचा कॉलम होता. मी बघितलाच नव्हता. मी त्यांना सॉरी म्हटलं, तर तेच मला “नाही नाही, असू द्या” म्हणाले, त्याने तर जास्तच वाईट वाटलं. पुढच्या पानात तिचं नाव वेळेसकट आलं, पण दिवाळीला आजीकडे जे पान गेलं ते गेलंच. तेव्हापासून कोणत्याही खेळात मी आधी विचारते की गुण न मिळवता मॅच कोणी वाचवली.

कबड्डीतही तसंच, चढाईवाल्यांची नावं सगळे आणतात, पकडी करणाऱ्या कोपऱ्यातल्या पोराचं कोणी आणत नाही. मध्यंतराचा स्कोअर नक्की द्या, ‘मध्यंतराला १२-१७ असे मागे होतो, नंतर लोण चढवला आणि ३१-२७ ने जिंकलो’, एवढ्या एका वाक्यात मॅच उभी राहते. लोण चढवल्याचे, म्हणजे समोरची अख्खी टीम बाद केल्याचे, दोन गुण वेगळे मिळतात हे आजोबांना माहीत असतं, पोरांना विचारून बघा.

टेबल टेनिसमध्ये जिंकणाऱ्याचे गुण आधी, प्रत्येक गेममध्ये, तो हरलेल्या गेममध्येसुद्धा, ११-८, ९-११, ११-७, ११-९. उलटसुलट लिहिलं की कळतच नाही. ॲथलेटिक्समध्ये आपल्या शाळेत हातानेच स्टॉपवॉच दाबतात, तर १२.४१ असं ऐटीत छापू नका, हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशाला नेतात, १२.५ सेकंद लिहा. पोरं नाराज होतात, होऊ द्या.

निवडीच्या बातम्यांना जपून. शाळांच्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात आणि आपल्याकडे विकासखंड (म्हणजे ब्लॉक), मग जिल्हा, मग संभाग, मग राज्य अशा वर चढत जातात. पुण्याच्या आजीला ‘संभाग’ कळत नाही, तिच्यासाठी ‘विभागीय’ लिहा. आणि सर म्हणाले ‘हो गया समझो’ म्हणून ‘राज्य पातळीवर निवड’ छापायचं नाही. यादी लागली आणि तुम्ही डोळ्यांनी बघितली की मगच.

हरलेल्या मॅच पण छापायच्या, हो, तेवढ्याच जागेत. ‘चांगली झुंज दिली’ म्हणू नका, झुंज कुठे दिली ते लिहा. शेवटच्या षटकात ९ हव्या होत्या आणि ६ झाल्या, एवढं लिहिलं की झुंज आपोआप दिसते. अंपायरबद्दल काहीही नाही. पोरं अंपायरवर एक पूर्ण परिच्छेद आणतात दर वर्षी.

जागा उरली तर एक छोटी चौकट जुन्या खेळाची टाकते, इंदूरात त्याला तोटा नाही. होळकरांच्या टीमने चार वेळा रणजी जिंकली होती, १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३, सी. के. नायडू आणि मुश्ताक अली त्याच टीमचे, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा कॅप्टन नायडूच. पोरांना हे एकदा सांगा आणि राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा हे पण सांगा, एका मिनिटात सगळे लिहायला तयार. फक्त एक चूक दर वर्षी येते, ‘होळकर स्टेडियम होळकर राजांच्या काळापासून’. नाही हो, आधी ते उषाराजे ग्राउंड होतं, होळकर हे नाव २०१० मध्ये दिलं.

टायपिंग. इथे खरी लढाई आहे. मध्य प्रदेशात अजून निम्मी ऑफिसं आणि निम्मे शिक्षक कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, ती फाइल तुमच्या फोनवर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. सगळ्यांना आधीच सांगा, युनिकोडमध्येच द्या, नाहीतर सरळ हाताने लिहून द्या, आम्ही टाइप करू. दुसरं, ळ. हिंदी कीबोर्ड आणि बोलून टाइप करणारी ॲप मराठी शब्द आपल्या मनाने सुधारतात, खेळचं खेल, दिवाळीचं दिवाली, आणि झेरॉक्सच्या दुकानातला टायपिंगवाला भिया तर मनापासून मदत म्हणून सुधारतो. काळे आडनावाचा एक पोरगा आमच्या पानावर काले म्हणून छापून आला आणि वर्षभर वर्गात त्याला त्याच नावाने हाक मारत होते. म्हणून छापायच्या आधी एकदा फक्त ळ साठी पान वाचा, दुसरं काही बघू नका. मग एकदा फक्त ‘दुसऱ्या, तिसऱ्या’तला तो ऱ्या बघा, तो काही फॉन्टमध्ये फुटतो. मग नावं, शाळेच्या रजिस्टरशी, एकेक बोट ठेवून. हे तिसरं वाचन त्या चिकट पोराचं. शेवटी पीडीएफ करूनच दुकानात न्या, वर्डची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली की फॉन्ट बदलतो आणि पान दीड पान होतं.

फोटो दोनच घ्या, झेरॉक्समध्ये चेहरे काळे होतात. खेळ चालू असतानाचा एक आणि लॅबचा किंवा वर्गाचा एक. मेडल चावतानाचा फोटो नको, सगळ्यांचे तसेच असतात. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून आधी एकच प्रिंट काढून बघा. खाली ‘डावीकडून’ म्हणून नावं, आणि डावी म्हणजे बघणाऱ्याची डावी. ज्यांचे फोटो छापताय त्यांच्या घरून आधी हो घेतलेलं असू द्या, कारण पान कागदावर राहत नाही, दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवरून अमेरिकेतल्या काकापर्यंत पोचतं. कोणाचा फोन नंबर, घरचा पत्ता, स्कूल बसचा स्टॉप, यातलं काही चुकूनही नको.

झेरॉक्स मी खजूरी बाजारात करते. शाळेजवळ पण होतं, पण तिथे पाठपोट म्हटलं की एक बाजू उलटी येते. जितकी पोरं तितक्या कॉपी आणि वर वीस. शाळेचा शिक्का किंवा तारीख राहिली तर मग प्रत्येक कॉपीवर हाताने घालत बसावं लागतं, म्हणून तारीख आधी.

आणि वाटायचं कधी, तर शेवटच्या दिवशी तिसऱ्या तासाला. शेवटच्या तासाला वाटलं की सगळी पानं गेटच्या बाहेर रस्त्यावर दिसतात, एकदा मी स्वतः वेचून आणलीत. तिसऱ्या तासाला वाटा, होमवर्कचा तक्ता वर्गात मोठ्याने वाचून घ्या, तेव्हाच कोणीतरी म्हणतं “मॅम, ही तारीख तर रविवारची आहे” आणि पेनने सुधारता येतं. जी पोरं आधीच गाडीत बसलीत त्यांच्या कॉपीवर नाव लिहून क्लास टीचरकडे ठेवा आणि पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाका. दोन कॉपी शाळेच्या फाइलला. एक खो-खोच्या त्या काडी पोरीच्या वडिलांना, ती आता अकरावीत आहे, टीमची कॅप्टन, पण ते अजून त्या दिवशी गेटवर येऊन घेऊन जातात.